मशीनशॉप विकतोय, पण खरा नफा किती धरायचा?

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी मशीनं) आणि एक जुना लेथ, जो आता भंगारवालाही उचलायला कुरकुर करेल. वय ६१, गुडघे गेलेत. मुलगा पुण्यात आयटीत, तो काही येत नाही.
शेजारचा शेडवाला प्लॉटसकट ९० लाख म्हणतोय. कागदावर नफा साडेचार लाख दिसतो. पण मी पगार कधी घेतलाच नाही, आणि गाडीचा हप्ता, घरचं लाइट बिल सगळं शॉपच्या खर्चात घातलंय. मग आकडा काढायचा कसा?

चोपडीवाली:
काका, मी छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिते. घरचे खर्च नफ्यात परत जोडा. पण तुमच्या खुर्चीत उद्या माणूस बसवला तर त्याचा पगार वजा करा. सगळेच पहिलं करतात, दुसरं विसरतात. घरचे खर्च शॉपच्या नावावर घातलेत हे मात्र आधी तुमच्या सीएला सांगा, घेणाऱ्याला नंतर. येणी सौद्यात घालू नका, तुमची तुम्ही वसूल करा. सीसीची, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची, बाकी कोण फेडणार हेही लिहून घ्या. आणि निम्म्याहून जास्त काम एकाच फौंड्रीचं असेल, तर घेणारा तिथंच भाव पाडणार.

शिरोलीकर:
सत्तर टक्के एकाच फौंड्रीचं. बोललात ते लागलं बघा.

लूमवाला, इचलकरंजी:
प्लॉट लीजवर असणार. एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क कोणाच्या माथी, ते इसाऱ्याआधी ठरवा. आमच्या वडिलांचे लूम विकताना यंत्रांची यादी केली, माणसांची केलीच नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कामगाराला द्यायची रक्कम, शेवटी आमच्याच गळ्यात पडली. तुमच्याकडे माणसं किती?

शिरोलीकर:
आता सात. लॉकडाऊनआधी अकरा होती. दहाच्या खाली म्हणजे ग्रॅच्युइटीतून सुटलो ना?

लूमवाला, इचलकरंजी:
नाही हो. कायदा एकदा लागू झाला की माणसं घटली तरी सुटका नाही. बेसिक आणि डीए मिळून जो पगार, त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी.

शिरोलीकर:
सेटरचा, म्हणजे मशीनवर जॉब लावणाऱ्याचा, आकडा काढला. १८,२०० पगार, १९ वर्षं. १,९९,५०० झाले. हा आकडा मी आजवर कुठंच मांडला नव्हता. बाकीच्या सहा जणांचा रात्री काढतो. दुपारी चहा देताना सेटरनंच विचारलं, "मालक, शेड विकताय म्हणं?" मी म्हटलं, आधी तो बोअरचा जॉब बघ.