सल्ला हवा: कोकणातल्या दमट हवेत जुनी नाणी कशी ठेवावीत? (बजेट दीड हजार)

असगोली
नमस्कार मंडळी. आजोबांचा माळ्यावरचा पत्र्याचा डबा मागच्या महिन्यात खाली काढला. ते जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून कुणी तो उघडलाच नव्हता. आत ४३ नाणी निघाली. ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे पाव आणे अकरा, पंचम जॉर्जचे चार रुपये, भोकाचे पैसे मूठभर, गोव्याचा १८८२ चा एक रुपिया, बाकी किरकोळ. शिवाय तीन शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. एका शिवराईवर ‘श्री राजा शिव’ अगदी स्वच्छ वाचता येतं, मागे ‘छत्र’ पूर्ण आहे, पण ‘पति’मधला ‘ति’ अर्धा नाण्याबाहेर गेलाय.

आजोबांनी रुपयांना रबर बँड लावून ठेवला होता. रबर जिथे टेकलं तिथे राजाच्या गळ्यावर काळा पट्टा उमटलाय. पाव आण्यांवर हिरवं धरलंय. घर गुहागरच्या बाजूला, समुद्र चालत दहा मिनिटं. पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, म्हणजे हवेची कल्पना येईल.

दोन प्रश्न. एक, दीड हजारात ही नाणी नीट कशात ठेवू? दुसरा, आजी दर लक्ष्मीपूजनाला त्या तीन शिवराया देवघरात मांडते, आधी चिंचेने घासून लखलखीत करते. हे करू द्यावं का? चिपळूणला काही नाणेप्रेमी महिन्यातून एकदा जमतात असं कळलंय, तिथे न्यायची इच्छा आहे. काळीहिरवी नाणी घेऊन जायला लाज वाटते.

मिऱ्याबंदर
ताई, हवा कोरडी करणारं विजेवरचं कपाट घ्या, कॅमेऱ्यांसाठी मिळतं ते. मी अठरा हजारांना घेतलं, पाच वर्षं झाली, एका नाण्याला डाग नाही. माझ्याकडे १९११ चा डुकराचा रुपया आहे, तो तर काल पाडल्यासारखा दिसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक चिडले, सरकारला नाणं मागे घ्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दाखवून नवा ठसा केला. तुमच्या चारांत १९११ चा असेल तर आधी मला सांगा.

असगोली
दादा, बजेट दीड हजार आहे. आणि चारही रुपये १९१२ नंतरचे आहेत.

पाखाडी
अल्बम चुकूनही घेऊ नका! मी सांगतो माझं काय झालं. जत्रेतल्या स्टॉलवरून अडीचशे रुपयांचा निळा अल्बम घेतला, मऊ प्लास्टिकचे खिसे असलेला. दोन पावसाळे गेले आणि खिशांना चिकट हिरवा थर आला, हाताला लागायचा. माझा जंजिऱ्याचा रुपया, ज्यावर नागरी ‘ज’ आहे, तो त्यात होता. अजून डोळ्यांत पाणी येतं. त्या मऊ प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असतं. वास घेऊन बघा, नव्या रेनकोटसारखा वास आला तर तिथेच ठेवून या.

आचऱ्याचो झील
गे बाय, नाण्यांक हात लावू नको. माझ्या बापाशीन पितळेच्या भांड्यांवांगडा चांदीचे रुपये लिंबान घासल्यान. राजाच्या तोंडार नाक उरला नाय. चिंच नको, लिंबू नको, रांगोळी तर नकोच नको. आजयेक सांग.

घाटावरचा
कोकणात नाणी ठेवणं हेच चुकतंय. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे ठेवा. मी सगळा संग्रह २०१६ सालीच पुण्यातल्या लॉकरमध्ये नेला.

वाशिष्ठीकाठ
@घाटावरचा, नाणी बघायची असतील तर घाट चढायचा का?

ताई, मी चिपळूणचा. तुम्ही म्हणताय त्या बैठकीला मी जातो. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझा संग्रह तळमजल्यावर होता. पाणी ओसरलं तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल. बादली बादली चिखल चाळणीतून गाळला आणि एकूण ३१२ पैकी २९८ नाणी मिळवली. नाण्यांना फारसं काही झालं नाही, तांबं-चांदी तीन दिवस पाण्यात राहिली तरी तरते. गेल्या त्या चिठ्ठ्या. कोणतं नाणं कुणाकडून, किती सालात, काय वजन, आजीने काय सांगितलं होतं, सगळं शाईने लिहिलेलं, लगदा झाला. तुम्ही पैसे खर्च करायच्या आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा आणि यादी दोन ठिकाणी ठेवा. वजनाला छोटा खिशातला काटा मिळतो, पाव ग्रॅमची चूकसुद्धा कळते. मला साडेचारशेला पडला.

शिवराईवेडा
बाकी सगळं राहू द्या, त्या शिवरायांचे फोटो टाका. ‘छत्र’ आणि ‘पति’च्या मध्ये एक रेघ आहे की दोन? दोन असतील तर ती दुदांडी. आणि कृपा करून ‘महाराजांच्या हातचं नाणं’ असं कुणी म्हणू नका. राज्याभिषेक १६७४ चा, पण शिवराई त्यानंतर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात अनेक टांकसाळींत पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्याच. ‘शिव’ कुठे ‘सिव’ झालेलं असतं. ‘ति’ बाहेर गेला म्हणजे खराबी नाही. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, वर हातोड्याचा घाव, म्हणून अक्षर कापलं जातं.

पाखाडी
माझ्या आजोबांची शिवराई मात्र महाराजांच्या काळातलीच आहे. बिंदूंचं वर्तुळ अगदी स्पष्ट आहे.

शिवराईवेडा
बिंदू नंतरच्यांवरही असतात. एवढ्यावरून काळ ठरत नाही. अक्षरांचं वळण बघावं लागतं, वजन बघावं लागतं.

पाखाडी
तुम्ही माझी बघितलीच नाही तर कसं सांगता?

खारवी आळी
मी दाभोळचा. आमच्या खाडीवर आलात तर माझी लारी दाखवतो. चांदीची तार मधोमध दुमडून केसांच्या आकड्यासारखी केलेली, वर फारशी ठसा. इराणच्या आखाताजवळच्या लार गावावरून नाव पडलं आणि आदिलशाहीत आपल्या किनाऱ्यावर ती चालायची. शिवराई कुणाकडेही असते, लारी कोकणातल्या दहा घरांत एखादी. खवळलेल्या समुद्रानंतर किनाऱ्यावर कधीकधी नाणी सापडतात, माझे काका पहाटे बॅटरी घेऊन जायचे.

वाशिष्ठीकाठ
@खारवी आळी, सापडलेलं सांगताना जपून. जमिनीत लपलेलं काही सापडलं आणि किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे.

खारवी आळी
लारी सापडलेली नाही, वडिलांनी विकत घेतलेली आहे. पावती आहे.

असगोली
हे वाचताना आणखी एक आठवलं. डब्यात रामदरबाराचं एक नाणं आहे. मागे ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८. फोटो एका ग्रुपवर टाकला तर रात्री फोन आला, तीन लाखांना घेतो म्हणाले. आधी नोंदणीचे २,१०० रुपये भरा म्हणे. भरावेत का?

मिऱ्याबंदर
भरू नका!!! माझ्या मेहुण्याचे साडेसात हजार असेच गेले.

पाखाडी
भरू नका.

शिवराईवेडा
ते नाणंच नाही. कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलं नाही. देवळाबाहेर विकली जाणारी मुद्रा आहे ती, कंपनीने देव छापलाच नाही कधी.

वाशिष्ठीकाठ
दुसरं वाक्य चूक. मद्रासच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यावर विष्णू आहे आणि तो कंपनीनेच पाडला. रामदरबार खोटा, हे मात्र खरं. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली फसवणूक होते, आम्ही कोणतंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. तो नंबर बंद करून टाका.

शिवराईवेडा
मान्य. मी कंपनीच्या मुंबईच्या नाण्यांचं बोलत होतो.

कातळशिल्प
मूळ प्रश्नाकडे येऊ? मी राजापूरची, किनाऱ्यापासून थोडी आत, पण दमटपणा तोच. माझा खर्च सव्वा हजार झाला होता, तीन वर्षं चाललंय.

चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर येतात, मधे पारदर्शक गोल खिडकी, टू बाय टू म्हणतात. खिडकी मायलारची, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची घ्या, पीव्हीसीची नको. पन्नासचा गठ्ठा तुम्हाला पुरेल. नाणं आत ठेवून कडेला स्टेपल मारायचं, पण पिन नाण्याला लागू द्यायची नाही आणि पिनेची टोकं पकडीने चपटी करायची, नाहीतर शेजारचं नाणं ओरखडतं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा. हे होल्डर उभे घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पुरेशी प्यालेत असं समजायचं, तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतायचे आणि पुन्हा आत. जून ते सप्टेंबर मी दर पंधरा दिवसांनी बघते. भर पावसात नाणी बाहेर काढून ठेवत नाही, श्रावणात सरी थांबून ऊन पडलं की दुपारी उघडते.

रबर बँड, वर्तमानपत्र, लोकर, हे चांदीला काळं करतात. राजाच्या गळ्यावरचा पट्टा तसाच राहू द्या. तो घालवायला गेलात की वरची चांदीच जाते.

हिरव्याचं मात्र नीट बघा. कडक, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर ते नाण्याचं वय आहे, ते त्याला शोभतं. पण पोपटी भुकटी असेल, बोटाला लागत असेल, पुसली तरी महिन्याभरात परत येत असेल, तर खाऱ्या हवेतलं मीठ आत शिरलंय आणि ते तांबं खातंय. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, रोज पाणी बदला, आठवडाभर तरी. मग नीट कोरडं करून ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

पाखाडी
हेच मी म्हणत होतो, पीव्हीसी नको.

मिऱ्याबंदर
डबा वगैरे ठीक आहे, पण कपाटाची सर नाही. हवं तर जुनं बघा, बारा हजारांत मिळेल.

आचऱ्याचो झील
पिशवीत भरून तांदळाच्या डब्यात ठेव. माझ्या आजयेन तसाच ठेवल्यान, सोन्याक अजून काय झाला नाय.

कातळशिल्प
सोन्याला काहीच होत नाही हो, तांब्याचं तसं नाही.

वाशिष्ठीकाठ
ताई, बैठक दुसऱ्या रविवारी सकाळी असते. लाज कसली वाटायची? आमच्याकडे काळं नाणं बघून कुणी नाक मुरडत नाही. घासलेलं नाणं बघून मात्र सगळे गप्प होतात.

शिवराईवेडा
शिवराया देवघरातून काढा. एकदा चिंच लागली की अक्षरांची कड जाते. आजींना त्याऐवजी चांदीचं नवं नाणं द्या.

पाखाडी
+१. देवघरातून काढा.

कातळशिल्प
माझंही तेच मत. निदान चिंच तरी बंद करा.

असगोली
सगळ्यांचे आभार. कळवायचं राहून गेलं होतं.

रामदरबारवाल्याचा नंबर बंद केला. काटा ४२० ला घेतला, यादी दोन प्रतींत लिहिली, फोटो काढले. गोव्याच्या रुपियाचं वजन आणि जॉर्जच्या रुपयाचं वजन जवळजवळ एकच भरलं, साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. दोन राज्यांची नाणी पारड्यात सारखी बसलेली बघून घरातले सगळे गोळा झाले. पाव आण्यांपैकी दोघांवर पोपटी भुकटी होती, ते कातळशिल्पताईंनी सांगितलं तसे भिजताहेत. बाकीची होल्डरात आणि डब्यात. एकूण १,३१० झाले.

शिवरायांबद्दल. काल आजीला मोबाईलवरून हे सगळं वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, माझ्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला यातली ही एक माझ्या हातात ठेवली होती, त्यांच्याही सासूबाईंची होती. तिने ती बोटांत फिरवली. ती अशी झिजलीय की ‘श्री’ डोळ्यांना दिसतच नाही, पण आजी अंगठा बरोबर त्याच जागेवर नेते आणि म्हणते, इथे श्री आहे.

दोन शिवराया होल्डरात गेल्या. तिसरी देवघरात राहील. चिंच बंद केली, हळदकुंकू वाहू आणि कोरड्या फडक्याने पुसू, यावर आजीची आणि माझी तडजोड झाली. मला माहीत आहे, तुम्ही सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या रविवारी येतेय. आजीही येते म्हणतेय, तिला लारी बघायची आहे. दाभोळवाले दादा येणार का?

खारवी आळी
येतो. आणतो.

शिवराईवेडा
देवघरातलीचा फोटो तरी टाका. रेघ एक की दोन?