'वास येतो' म्हणजे नक्की कोणाला?

अडलेला बाबा

मुलीच्या शाळेच्या विज्ञान मंडळात 'आपल्याला वास कसा कळतो' यावर वीस मिनिटं बोलायचं कबूल करून बसलोय. मजकूर जमतोय, शब्दांशी अडलोय. पहिलं वाक्य लिहिलं, 'गुलाबाच्या वासाचे रेणू नाकात शिरतात.' मुलीनं वाचलं आणि म्हणाली, "बाबा, गुलाबाला वास नसतो, सुगंध असतो. वास मोज्यांना येतो."

तर प्रश्न असा, की 'वास' हा शब्द आता वाईटच झाला का? नुसतं 'वास येतोय' म्हटलं की लोक चपलांचे तळवे बघतात. पण 'काय वास सुटलाय!' म्हटलं की भूक लागते. 'गंध' वापरावा तर तो कागदावरच शोभतो. 'मला गॅसचा गंध येतोय' असं म्हणणारा माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही, आणि इथे बरेच नमुने भेटलेत.

पेठकरी

गंधाच्या वाटेला जाऊच नका. मुलांना कपाळावरचं आठवेल. लावायचं 'ते गंध' आणि हुंगायचा 'तो गंध', लिंगावरून अर्थ बदलतो. शिवाय 'त्याला गणिताचा गंध नाही' हे आहेच.

वासाची खरी गंमत व्याकरणात आहे. 'मला वास येतोय' आणि 'सदऱ्याला वास येतोय'. दोन्हीकडे 'ला'च! एका वाक्यात नाकवाला, दुसऱ्यात वासवाला, आणि ऐकणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. २०२१ साली मी मामांना फोनवर घाबरत सांगितलं, "मामा, मला वास येत नाहीये." मामा म्हणाले, "चांगलंय की, आंघोळ करत असशील."

त्यानंतर मी 'वास गेला' म्हणायला लागलो. हा प्रयोगही कोविडचाच. आधी वास जायचा तो मासळीच्या भांड्याचा, लिंबू चोळल्यावर.

रसायनवाली

पेठकरीकाका, मामांना नमस्कार सांगा.

मूळ प्रश्नाबद्दल: 'वास'च ठेवा, कारण विज्ञानाला असाच कुणाची बाजू न घेणारा शब्द हवा. रेणू चांगला किंवा वाईट नसतो. मोगऱ्याच्या सुवासात इंडोल नावाचा रेणू असतो, आणि तोच विष्ठेतही असतो. चिमूटभर असला तर फुलाला भरीवपणा येतो, वाढला की नाक धरावं लागतं. याला 'सुगंधाचा रेणू' म्हणणार की 'दुर्गंधाचा'?

'वासाचे रेणू' यावर मात्र माझी हरकत आहे. हवेत नुसते रेणू असतात, वास डोक्यात तयार होतो. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदरांमध्ये गंधग्राहींच्या (म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या, रेणू टिपणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांचं एक प्रचंड घराणं शोधून काढलं, त्यात साधारण १००० जनुकं निघाली. त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसात त्यातली ४०० च्या आसपास कामाची उरलीत. नाकातल्या एका चेतापेशीवर सहसा एकाच जातीचं ग्राही असतं. पण एक रेणू अनेक ग्राहींना कमीजास्त चिकटतो, आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतं. मुलांना पेटी दाखवा. पट्टी म्हणजे ग्राही, आणि एकदम कुठल्या पट्ट्या दाबल्या जातात ते म्हणजे वास. ४०० पट्ट्यांच्या पेटीवर किती जुळण्या होतील ते मुलांनाच विचारा.

कोविडचं म्हणाल तर विषाणू मुख्यतः या चेतापेशींना धरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. आपल्या पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत तेव्हा घ्राणशक्ती मोजायचं यंत्र तयार केलं होतं. काहीच लक्षणं नाहीत असं सांगणाऱ्या बाधितांमध्येही ती घटलेली सापडली. म्हणजे वास गेलाय याचाच वास लागला नव्हता!

शेपूनको

माझं एक घरगुती दुःख. पुदिना आवडतो, शेपू घरात आलेली कळते आणि मी गॅलरीत जातो. नंतर वाचलं की पुदिन्यात आणि बाळंतशेपात, म्हणजे शेपूच्या बियांत, कार्व्होन नावाचा एकच रेणू आहे, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. डावा मोजा आणि उजवा मोजा (मुलीला सांगा, मोज्यांची सोय झाली). ग्राहींना डावंउजवं कळतं, म्हणून एक चटणीत जातो आणि दुसऱ्यामुळे मी गॅलरीत. दोन्ही वासांना मराठीत नाव काय? 'पुदिन्याचा वास', 'शेपूचा वास'. षष्ठीवर भागवायचं. आपल्याकडे वासांना स्वतःची नावंच नाहीत.

पेठकरी

हे 'तर्कसंग्रह' या तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथानं केव्हाच मान्य करून टाकलंय. रंग ७, रस ६ आणि गंध मोजून २: सुरभी आणि असुरभी. संपलं.

ताकभात

नावं नाहीत कशी? खवट, कुबट, करपट, बुरसट, वशट, कुजकट, मातकट, आंबूस. यातले बहुतेक शब्द 'अमक्यासारखा' असं सांगत नाहीत. दाणे खवट होतात, खोबरं खवट होतं, तूपही. वस्तू तीन, बिघाड एकच: स्निग्धांशाला हवा लागली. वाटीभर किसलेलं खोबरं नाकाशी नेऊन आई नुसतं 'खवट' म्हणते आणि आमटीचा बेत बदलतो. रसायनवालीताई, यालाच तुम्ही निदान म्हणता ना?

उलट चांगल्या वासांना आपण कंजूष आहोत. दरवळ, घमघमाट, मंद, परिमळ. सगळे शब्द वास किती पसरला ते सांगतात, कसा आहे ते नाही. खमंग आणि खरपूस वेगळे पडतात, पण तेही तव्यावरून आलेले.

मलाय द्वीपकल्पातल्या जंगलात जहाई नावाची भाषा आहे. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ती बोलणारे लोक वासांना रंगांइतक्याच सहज नावं देतात, आणि इंग्रजी बोलणारे तेच वास ओळखताना 'हे कशासारखं बरं' म्हणत अडखळतात. आपण मधे कुठेतरी आहोत. बिघडलं की जहाई, फुललं की इंग्रज.

रसायनवाली

निदानच! आणि 'मातकट'वरून आठवलं. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात जिओस्मिन असतं, जमिनीतले स्ट्रेप्टोमायसेस जीवाणू ते करतात. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम पुरे, माणसाचं नाक पकडतं. तोच रेणू प्यायच्या पाण्यात आला की आपण तोंड वाकडं करून 'मातकट' म्हणतो. अंगणात मृद्गंध आणि पेल्यात मातकट.

अडलेला बाबा

वाक्य बदललं: 'गुलाबातून निघालेले रेणू नाकात शिरतात आणि आपल्याला वास येतो.' मुलीनं वाचून विचारलं, "आपल्याला म्हणजे आपल्या अंगाला?"

'कळतो' करतोय.

ताकभात, एक राहिलं. पावसाळ्यात दप्तर न वाळता कपाटात गेलं की येतो तो कुबट की बुरसट?

ताकभात

बुरशी दिसली तर बुरसट. दिसेपर्यंत कुबट.

शेपूनको

आमच्याकडे दोन्हीला 'कुणाचं दप्तर आहे हे?' म्हणतात.