माजी आमदाराला जिल्हा न्यायालयात न्यायाधीश होता येतं का?

विधी_पुणे
अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळातले सदस्य पुढे स्थानिक न्यायाधीश झाल्याचं वाचनात येतं. आपल्याकडे वकिलीची सनद असलेला, ४१ वर्षांचा, एक टर्म पूर्ण केलेला आमदार पुण्याच्या शिवाजीनगर जिल्हा कोर्टात न्यायाधीश म्हणून बसू शकतो का? की राजकारण आडवं येतं?

रोजनामा
राजकारण आडवं येत नाही, वय येतं. के. एस. हेगडे राज्यसभेतून १९५७ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयावर गेले. कृष्ण अय्यर केरळात मंत्री होते, १९६८ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण त्या नेमणुका राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ खालच्या, म्हणजे थेट उच्च न्यायालयावरच्या. खालच्या कोर्टातल्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी), या पदाला खुल्या गटातल्या वकिलासाठी मर्यादा ३५ वर्षांची आहे. शिवाय ३ वर्षांची वकिली हवी. ती अट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. ४१ व्या वर्षी तो रस्ता बंद.

उरते जिल्हा न्यायाधीशाची थेट भरती. अनुच्छेद २३३(२), ७ वर्षं वकिली, वय किमान ३५. कमाल वय जाहिरातीत बघा. खरी मेख अशी की ही ७ वर्षं अर्जाच्या दिवशीही चालू असायला हवीत (सर्वोच्च न्यायालयाचा दीपक अगरवाल निकाल, २०१३). जुनी वकिली आठवून चालत नाही.

विधी_पुणे
मग आमदारकीची ५ वर्षं मोजतात का?

रोजनामा
वकिली चालू ठेवली असेल तर हो. आमदार हा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, त्याला वकिली करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं. पण सनद स्थगित करून घेतली असेल तर मोजणी तिथेच तुटते. सनद चालू पण कोर्टात पाऊल नाही, हेही धोक्याचं. वकीलपत्रं, स्वतःच्या हजेरीचे रोजनामे (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी), निकालांच्या नकला वर्षवार लावून ठेवाव्यात. अर्जाच्या आठवड्यात नकलांसाठी धावलं तर हमखास राहतात.

फौजदारी_बाजू
यापेक्षा मोठी अडचण चारित्र्य पडताळणीत येते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मोर्चे, रास्ता रोको, जमावबंदीचा भंग: आमदाराच्या नावावर असे गुन्हे असतातच. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये) प्रत्येक गुन्हा लिहायचा, निर्दोष सुटलेलाही. किरकोळ आंदोलनाचा गुन्हा तारून नेता येतो, लपवलेला नाही. लपवाछपवीवरूनच उमेदवारी किंवा नेमणूक रद्द होऊ शकते (सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग निकाल, २०१६).

'सरकार खटला मागे घेईल' यावरही विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला मागे घ्यायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यात महिने जातात आणि भरतीची तारीख कोणासाठी थांबत नाही.

कोर्टआवार
शिवाजीनगरचं मात्र विसरा. जिथे वकिली केली तिथे सहसा नेमणूक देत नाहीत आणि साधारण ३ वर्षांनी बदली होते. मतदारसंघातल्या पक्षकारांसमोर बसायची वेळ येऊ नये, हे मला योग्यच वाटतं. रुजू होण्याआधी पक्षाचं सदस्यत्व लेखी सोडून पोच जपावी.

अमेरिकेची तुलना इथे लागू पडत नाही. टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर ४ वर्षांसाठी निवडून येतो, त्यामुळे आमदाराचं प्रचाराचं कसब तिथे थेट उपयोगी पडतं. आपल्याकडे उच्च न्यायालयाची लेखी परीक्षा आणि मुलाखत आहे. इथे मतदार नाहीत, पुरावा कायदा विचारतात.