मदत हवी आहे : वाफेचे इंजिन डबे ओढत नाही

रूळवेडा
नमस्कार. माथेरानच्या गाडीच्या धर्तीवर वाफेवर चालणारे छोटे इंजिन आणि तीन डबे तयार केले आहेत. इंजिन एकटे असताना संपूर्ण मार्गावर उत्तम धावते. डबे जोडले की सपाटीवरून जेमतेम जाते आणि पुढे वळणापाशी पोहोचताच थांबते. बॉयलर तयार विकत घेतलेला आहे, बाकीची जोडणी आणि डबे घरचेच आहेत. येत्या रविवारी पाहुण्यांना गाडी चालवून दाखवायची असल्यामुळे नेमका उपाय लवकर सांगावा, ही विनंती. "सराव करा, जमेल" अशा स्वरूपाचे प्रतिसाद कृपया नकोत.

जुना फिटर
गेज (दोन रुळांमधील अंतर) कोणते, इंधन कोणते, इंजिनाचे आणि डब्यांचे वजन किती, वळणाची त्रिज्या किती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. डॉक्टरांना फोनवर केवळ "दुखते आहे" एवढेच सांगून औषध मागण्यासारखे हे झाले. माहिती द्या, मग बोलता येईल.

निळी ज्योत
माहितीची वाट पाहण्याची गरज नाही. हा प्रश्न शंभर टक्के गॅसचा आहे. टाकीतील ब्यूटेनचे वायूत रूपांतर होत असताना टाकी थंड पडत जाते, आतला दाब उतरतो, ज्योत बारीक होते आणि नेमका भार वाढतो त्याच वेळी बॉयलर वाफ पुरवू शकत नाही. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या आसपास असल्यामुळे थंडीच्या सकाळी हा त्रास हमखास होतो. प्रोपेन मिसळलेला गॅस वापरा आणि जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) एक आकाराने मोठा बसवा. माझ्या इंजिनात याच उपायाने फरक पडला आहे.

रूळवेडा
गेज ३२ मिमी आहे. माथेरानचा रूळ २ फुटी, म्हणजे ६१० मिमीचा असल्यामुळे प्रमाण आपोआप १:१९ येते. हे वेगळे सांगायला हवे असे वाटले नव्हते. इंधन ब्यूटेन, कामाचा दाब ४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). गाडी थांबते तेव्हाही काटा ४० वरच असतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ सोडत असतो, त्यामुळे गॅसची शंका मला पटत नाही.

जुना फिटर
आता एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर नीट द्या. गाडी "थांबते" म्हणजे इंजिनाची चाके थांबतात, की चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि गाडी तेवढी पुढे सरकत नाही?

रूळवेडा
चाके फिरत राहतात. गाडी पुढे जात नाही म्हणून थांबते असे लिहिले.

त्रैराशिक
मग बॉयलर, बर्नर आणि सिलिंडर या तिघांचीही या खटल्यातून सुटका झाली. साधारण १४ मिमी व्यास आणि १६ मिमी स्ट्रोक (दट्ट्याची धाव) असलेले दोन सिलिंडर, ३४ मिमीची चाके आणि ४० पीएसआय, म्हणजे सुमारे २.८ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब, असे धरले तर सिलिंडरांचा कागदावरचा ओढ २ किलोच्या वर निघतो. आपले सिलिंडर थोडे वेगळे असले तरी निष्कर्ष बदलणार नाही. तेवढा ओढ रुळावर उतरतच नाही, कारण चाकांची पकड त्याआधीच सुटते. इंजिनाचे आणि डब्यांचे वजन लिहा, आणि मार्गाला चढ असेल तर तो किती आहे तेही लिहा.

निळी ज्योत
चाके घसरत असली तरी गॅसचा मुद्दा मी सोडत नाही. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण असते. त्यातून अडॅप्टर लावून टाकी भरली तर खर्चही वाचेल आणि ज्योतही जोरदार मिळेल.

पळसदरी
वरील सल्ला कोणीही अमलात आणू नये. इंजिनातील छोटी टाकी ब्यूटेनचा दाब लक्षात घेऊन बनवलेली असते, आणि प्रोपेनमिश्रित गॅसचा दाब, विशेषतः उन्हात तापलेल्या टाकीत, त्याहून बराच जास्त असतो. घरगुती सिलिंडरमधून दुसऱ्या टाकीत गॅस भरणे बेकायदा आहे, ही बाब तर वेगळीच. पोर्टेबल शेगडीसाठी ब्यूटेनचे डबे बाजारात मिळतात, तेवढे आपल्या छंदाला पुरेसे आहेत.

डब्बागाडी
मुळात वाफेचा एवढा खटाटोप कशासाठी, हे समजले नाही. १२ व्होल्टवर चालणारी एचओ (१:८७ प्रमाणाची) गाडी घेतली तर तेल, पाणी आणि आग या तिन्ही गोष्टी टळतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, ते एकदा पाहून यावे. विजेच्या गाड्या किती शिस्तीत धावतात ते कळेल.

रूळवेडा
संग्रहालय पाहिले आहे आणि आवडलेही आहे. प्रश्न वाफेच्या इंजिनाचा आहे.

इंजिन पाणी भरून अडीच किलो. डबे सागवानी आहेत, पितळी कठडे आणि पत्र्याची छपरे मिळून प्रत्येकी १.८ किलो. वळणाची त्रिज्या ७५ सेंमी. चढ माथेरानला आहे तसाच, एकास वीस. माथेरानची गाडी म्हटल्यावर चढ तोच असणार, हे उघड आहे. तो वळणातच सुरू होतो.

त्रैराशिक
हे उघड असलेले वाक्य पहिल्याच प्रतिसादात आले असते तर गॅसवरची निम्मी चर्चा वाचली असती.

आता हिशेब पाहा. कोरड्या, स्वच्छ रुळावर इंजिनाला स्वतःच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश पकड मिळते, म्हणजे आपल्या इंजिनाला सुमारे ५०० ग्रॅम. तीन डब्यांसह गाडीचे वजन ७.९ किलो, एकास वीस चढावर केवळ चढासाठीच ३९५ ग्रॅम खर्ची पडतात. डब्यांच्या घर्षणासाठी १०५ ग्रॅम उरतात, आणि वळणाचा अडसर अजून धरलेलाच नाही.

हे घर्षण मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. एक मीटर लांबीच्या फळीवर सरळ रूळ ठोका, त्यावर एक डबा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. डबा आपल्या आपण घरंगळू लागेल त्या वेळी ते टोक किती सेंटीमीटर उचललेले आहे ते लिहून घ्या. ४ सेंमी लागले तर तीन डबे मिळून सपाटीवरही २१६ ग्रॅम मागतात, आणि मग चढावर आपले इंजिन हरणारच. १ सेंमीला डबा सुटत असेल तर ५४ ग्रॅममध्ये काम भागते.

जुना फिटर
हिशेब बरोबर आहे, पण तो कोरड्या रुळाचा आहे, आणि वाफेच्या छोट्या इंजिनाखालचा रूळ क्वचितच कोरडा असतो. ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत, वाफ थंड होऊन पाणी तळाशी बसते आणि तितकेच तेल वर सरकून वाफेबरोबर सिलिंडरकडे जाते. भोक गरजेपेक्षा मोठे असेल तर हे तेल धुराड्यातून उडून थेट रुळावर पडते आणि पकड निम्म्याहून खाली येते. सुरुवातीला थंड सिलिंडरात साचलेले पाणी बाहेर पडते तेव्हाही तेच घडते. म्हणून इंजिन आधी एकटेच, सपाट भागात पुढेमागे चालवून गरम करावे, मग चिंधीने रूळ आणि चाके पुसून डबे जोडावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे असेल तर ते बर्नर पेटवण्याच्या आधी, नंतर नव्हे.

घूम
दार्जिलिंगच्या गाडीवर इंजिनाच्या पुढच्या बफरवर बसून दोन माणसे रुळावर वाळू टाकत असत, तीही याच कारणासाठी. तेथील बी वर्गाचे इंजिनही २ फुटी रुळावर मोजकेच डबे ओढत असे. खऱ्या गाडीला जे जमले नाही ते १:१९ च्या गाडीकडून अपेक्षिणे योग्य नाही. थोडी बारीक वाळू टाकून पाहण्यास काय हरकत आहे?

जुना फिटर
हरकत आहे. ती वाळू तेलात मिसळून ॲक्सलच्या बुशांत (ॲक्सल ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्यांत) आणि क्रँकपिनांत शिरेल, आणि पाहुणे गेल्यानंतर यांना सगळे इंजिन उघडावे लागेल.

पेन्सिल
चर्चा चुकीच्या दिशेने जात आहे. माथेरानच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल इंजिनांना तीन ॲक्सल होते, तरी ती तीव्र वळणे घेत, कारण दोन्ही टोकांचे ॲक्सल क्लीन-लिंडनर पद्धतीचे होते. त्यांत चाके एका पोकळ नळीवर बसवलेली असत, आतला दांडा सरळ राहून नळी तेवढी वळणानुसार तिरपी होत असे. धागाकर्त्याने ताठ चौकट बनवली असेल तर ७५ सेंमीच्या वळणावर इंजिन स्वतःच रुळाला अडत असणार. क्लीन-लिंडनर ॲक्सल लहान आकारात करणे अशक्य नाही. माझी आरेखने तयार आहेत.

त्रैराशिक
इंजिन एकटे तेच वळण आणि तोच चढ विनातक्रार पार करते, असे पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. आपली आरेखने सुंदर असतील, परंतु रविवारपर्यंत पोकळ ॲक्सल कातून होणार नाहीत.

पळसदरी
डब्यांकडे या. चाकांच्या आतल्या पृष्ठांमधील अंतर मोजले आहे का? ३२ मिमी गेजला ते २८ मिमी असावे. २९ च्या वर गेले तर सरळ रुळावर काही जाणवत नाही, पण वळणावर फ्लॅन्ज (चाकांच्या आतल्या उंच कडा) दोन्ही रुळांना घासतात. ॲक्सल लाकडात भोक पाडून तसेच बसवले आहेत की बुश आहेत, तेही सांगा.

रूळवेडा
फळीचा प्रयोग केला. दोन डबे तीन सेंमीच्या आसपास सुटले, तिसरा साडेपाचला सुटला. तिसऱ्या डब्याची दोन चाके २९.५ मिमीवर होती, ती २८ वर आणली. ॲक्सल लाकडात नाहीत, पितळी पट्टीतील भोकांत आहेत. रूळ पुसला, ल्युब्रिकेटरची सुई घट्ट केली. आता दोन डबे चढ चढतात. तिसरा जोडला की वळण संपता संपता घसरण सुरू होते. चढ कमी करणार नाही, कारण मग ती माथेरानची गाडी राहणार नाही. इंजिनात शिसे घालावे का?

जुना फिटर
पाव किलो शिसे घातले तर पकड ५० ग्रॅमने वाढेल, त्यातले साडेबारा ग्रॅम ते शिसे वर नेण्यातच जातील. त्यापेक्षा छपरे जाड पत्र्याऐवजी पातळ प्लायची करा आणि ॲक्सलची टोके लेथवर टोकदार करून पट्टीत शंकूच्या आकाराचे खळगे घ्या. टोकदार ॲक्सलवरचा डबा एक-दीड सेंमीला घरंगळतो. रविवारी दोन डबे जोडा, तिसरा स्थानकात उभा ठेवा.

निळी ज्योत
जेट बदलून पाहण्याचे मात्र विसरू नका.