सातबाऱ्यावर मोठ्या काकांच्या नावापुढे एकुमॅ, बाबांचं नावच नाही, म्हणजे आमचं काही नाही का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यातच वाढलोय, शेती म्हणजे दिवाळीत गावी जाऊन सीताफळं खायची एवढाच संबंध. गाव पुरंदर तालुक्यात. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तोवर कागद बघायची वेळच आली नाही, पण विमानतळाच्या बातम्यांमुळे एजंट लोकांचे फोन यायला लागले तशी आई म्हणाली की आपलं नक्की काय आहे ते एकदा बघ तरी. मग महाभूलेखवरून सातबारा आणि ८अ काढला, ग्रामपंचायतीतून घराचा उतारा आणला आणि आता डोकं गरगरतंय.

बाबा कायम साडेचार एकर म्हणायचे, सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर दिसतंय म्हणजे चारच एकर, मग अर्धा एकर गेला कुठे? ८अ वर अजून एक ०.११ चा गट आहे ज्याचं घरात कधी कोणी नावही काढलं नाही. दोन्हीकडे नाव फक्त मोठ्या काकांचं आणि पुढे ए.कु.मॅ. असं काहीतरी लिहिलंय, काका २०११ मध्येच गेले. बाबांचं नाव कुठेच नाही! शेत चुलतभाऊ करतो, ई-पीक पाहणीत पीकही तोच भरतो. त्यावरून उद्या जमीन त्याची होते का? त्याच्याशी भांडण नाहीये आमचं, फक्त कळत नाहीये.

माळरान७७

सरळ आहे भावा, सातबारा ज्याच्या नावावर त्याची जमीन. वकील गाठ, इथे विचारत बसू नको.

निवृत्त_कारकून

माळरान, असं छातीठोक सांगू नका हो, लोक घाबरतात. ३१ वर्षं महसुलात काढली आहेत म्हणून बोलतो. सातबारा हा मालकीचा दस्त नाही, तो महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५७ एवढंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. मालकी येते खरेदीखतातून, वाटणीतून, वारसाहक्कातून, आणि सातबारा त्याचा आरसा. आरसा जुना असला की तोंड वाकडं दिसतंच.

आता एकुमॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी आजोबा वारले की पाच-सात वारस असले तरी सातबाऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचे, सारा कोण भरणार त्याचं नाव असलं की सरकारचं काम भागायचं. म्हणजे तुमचे काका मॅनेजर होते, एकटे मालक नव्हते. उलट ती तीन अक्षरं तुमच्या फायद्याची आहेत, ती नसती तर मला काळजी वाटली असती.

आता करायचं काय, तर काकांच्या नावाजवळ वर्तुळात किंवा बाजूच्या रकान्यात फेरफार नंबर असेल. तो फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना ६ मधली हक्कबदलाची नोंद. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसांची चौकशी झाली असणार, ती ६क ला, वारस नोंदवहीत असते. त्यात सगळ्या वारसांची नावं लिहून शेवटी 'सबब थोरल्याचे नाव एकुमॅ म्हणून' असा मजकूर सापडतो बऱ्याचदा. तो सापडला की एकुमॅ कमी करून सर्व वारसांची नावं लावायचा अर्ज द्यायचा, सोबत बाबांचा आणि काकांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. आणि एक आगाऊ सांगतो, आत्या असतील तर त्यांचीही नावं लागणार. इथेच घरोघरी चहाचे कप आपटतात.

गुंठेवारी_ताई

अर्धा एकर कुठेही गेला नाही, खाली पोटखराबा बघा! सातबाऱ्यात लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं लिहितात आणि नाला, खडक, बांध असलं क्षेत्र पोटखराबा म्हणून वेगळं. तिथे ०.१८ च्या आसपास आकडा असेल तर एकूण १.८० हेक्टर, म्हणजे जवळपास साडेचार एकर, तुमचे बाबा बरोबर होते. हिशेब साधा आहे, पॉइंटनंतरचे दोन आकडे म्हणजे आर, १०० आर म्हणजे हेक्टर, आणि आर म्हणजे जवळजवळ गुंठाच (गुंठा किंचित मोठा), ४० गुंठ्यांचा एकर.

०.११ चं काय ते त्या गटाचा सातबारा वेगळा काढल्याशिवाय कळणार नाही. ८अ म्हणजे त्या खातेदाराची त्या एका गावातली सगळी जमीन एका कागदावर, म्हणून तो आधी बघायचा असतो, लोक नेमका शेवटी बघतात. शेजारच्या गावात जमीन असेल तर ती यात येत नाही हेही लक्षात ठेवा. आमच्याकडे असाच ७ गुंठ्यांचा तुकडा निघाला, ती सामाईक विहिरीची जागा होती, आणि त्याच विहिरीवरून आमची दोन घरं आठ वर्षं बोलत नव्हती.

अजून एक घोळ, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा पण नमुना ८ आणि शेतीचा ८अ. 'आठचा उतारा आणा' म्हटलं की कुठला ते विचारून घ्या, मी चुकीचा घेऊन एका कार्यालयात दोन हेलपाटे मारलेत. घराचा तो कर आकारणीचा असतो. गावठाणातल्या घराला आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून प्रॉपर्टी कार्ड देतात, त्याची पहिली चाचणी तुमच्याच पुरंदरमधल्या सोनोरीत झाली होती.

शिरूरचा_इंजिनियर

पीक पाहणीबद्दल लिहितो कारण मी स्वतः गावी अ‍ॅपवर भरतो. वरचा भाग ७, अधिकार अभिलेख, कोणाची ते. खालचा १२, त्यात काय पिकलं ते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून फोटो काढून भरायची पद्धत आली. भावाने सीताफळ भरलं म्हणून जमीन त्याची होत नाही, उलट त्याने भरलं नसतं आणि पडीक लागलं असतं तर पीकविमा, नुकसानभरपाई सगळ्याला अडचण. त्याला थँक्यू म्हणा.

भोगवटादार (म्हणजे जमीन धारण करणारा) वर्ग १ आहे की २ तेही बघा. वर्ग २ असेल, म्हणजे कुळकायद्यातली, इनामी किंवा सरकारने दिलेली वगैरे, तर परवानगीशिवाय विकता येत नाही, एजंट हे सांगत नाहीत. आणि 'इतर हक्क' रकाना अक्षर न अक्षर वाचा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाचे शेरे सगळं तिथे असतं. फुकटचा सातबारा फक्त बघायला, अर्जाला लावायचा तर १५ रुपयांचा डिजिटल सहीचा घ्या.

निवृत्त_कारकून

बरोबर. आणि फेरफार धरला की सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. म्हणून नोटीस जायच्या आधी तुम्ही स्वतः चुलतभावाला फोन करा. सरकारी लिफाफा अचानक दारात आला की चांगला माणूससुद्धा बिथरतो.

सिंहगडरोडकर

खूप आभार सगळ्यांचे. पोटखराबा ०.१८ च निघाला ताई! फेरफार १९८३ चा आहे, नक्कल मिळाली. भावाला फोन केला, तो म्हणाला मलाही नाव बदलायचंच होतं, पीककर्जाला अडतंय. धाकट्या आत्याला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, माझं नाव आहे का त्यात? आहे म्हटलं, चौथं. बराच वेळ काही बोललीच नाही.

नकलेतल्या शेवटच्या तीन ओळी हाताने लिहिलेल्या आहेत, 'सबब' सोडून एक शब्द लागत नाहीये. कारकून काका, फोटोत नावं झाकून टाकला तर वाचून द्याल का?