मराठी शब्दावरचा नियम का चालत नाही

न्यूजरीडरमध्ये, म्हणजे चर्चागटांचे संदेश वाचायच्या प्रोग्रॅममध्ये, संदेश वेगळे काढायचा नियम लावला तरी चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. यादीत वर असलेला नियम आधी चालतो म्हणून नियमांचा क्रम बदला, हे उत्तर आधी आलंय ते बरोबरच आहे. पण इंग्रजी शब्दावर नियम चालतो आणि मराठीवर नाही म्हणताय, तर ते क्रमाचं दुखणं नव्हे. इथल्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या भावाचे संदेश वेगळे काढायला मी विषयात ‘गूळ’ असा नियम लावला होता. आठवडाभर एकही सापडला नाही. शेवटी संदेशाचा मूळ मजकूर उघडला, तर विषयाच्या ओळीत देवनागरीचं नाव नाही. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव), मग रोमन अक्षरं-आकड्यांची लांबच लांब माळ. १९९६च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे हेडरमधली, म्हणजे संदेशाच्या डोक्यावरच्या विषय-पाठवणारा अशा ओळींमधली, देवनागरी अशी बांधून जाते. काही न्यूजरीडर ती सोडवून मग नियम ताडतात, काही तशीच ताडतात. माझा दुसऱ्या जातीचा.

पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता मात्र बहुधा साध्या रोमन अक्षरांतच असतो. नियम त्यावर लावला आणि लगेच चालला. तुमचा न्यूजरीडर सोडवून ताडत असेल, तर ‘गूळ’ आणि ‘गुळ’ दोन्ही लिहा. ‘गुळाचा भाव’ म्हणताना उकार ऱ्हस्व होतो आणि नेमके तेच संदेश निसटतात.