अवघड कादंबरीवरचा सिनेमा: 'तो कसा जमत नाही' हेच दाखवणं ही पळवाट आहे का?

खणभाग_सांगली

मायकेल विंटरबॉटमचा 'अ कॉक अँड बुल स्टोरी' (२००५) ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी' ही नऊ खंडांची इंग्रजी कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात खंडाखंडाने निघाली. नायक स्वतःचं चरित्र सांगायला बसतो, पण प्रत्येक गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. त्यामुळे तिसरा खंड उजाडला तरी तो अजून जन्मतोच आहे. प्रस्तावना येते तीही तिसऱ्या खंडाच्या मध्यावर. एक पान पूर्ण काळं, एक पान अबरीचं (रंगांच्या लाटांसारखी नक्षी असलेलं), एक पान कोरं, त्यावर वाचकाने विधवा वॅडमनचं चित्र स्वतः काढायचं. चौथ्या खंडात एक आख्खं प्रकरण फाडून टाकलेलं, पानांचे आकडे तेवढे पुढे गेलेले.

आता याचा सिनेमा कसा करणार? विंटरबॉटमने कादंबरीचं चित्रीकरण करणाऱ्या युनिटचीच गोष्ट केली. स्टीव्ह कूगन ट्रिस्ट्रम आहे, त्याचा बाप वॉल्टर आहे आणि 'स्टीव्ह कूगन'ही आहे. रॉब ब्रायडन टोबीकाका आणि 'रॉब ब्रायडन'. नायक कोण, यावरून दोघांची सुरुवातीपासून जुंपलेली. कूगनला ब्रायडनपेक्षा उंच दिसायचंय, म्हणून बुटाची टाच वाढवून हवी. लढाईच्या दृश्याला माणसं अपुरी पडतात, पैसा उभा राहत नाही, प्रेमप्रकरण घालायचं ठरलं की गिलियन अँडरसनला फोन जातो. शेवटी सगळे एकत्र बसून तयार सिनेमा बघतात.

माझं मत स्पष्ट आहे. ही पळवाट नाही, हेच खरं रूपांतर आहे. स्टर्नचा विषय ट्रिस्ट्रमचं आयुष्य नाहीच. ते आयुष्य सांगता न येणं हा विषय आहे. पहिल्याच प्रकरणात ऐन गर्भधारणेच्या क्षणी आई बापाला विचारते, घड्याळाला किल्ली द्यायची राहिली नाही ना? तिथून कादंबरीभर व्यत्ययच व्यत्यय. चित्रीकरण हीसुद्धा व्यत्ययांचीच साखळी असते. दोन्हींचा आकार एक आहे म्हणून ते जुळलं.

भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीसाठी हीच वाट का घेऊ नये? वाई-मेणवलीला युनिटं येतच असतात. तिथे उतरलेलं एक युनिट आणि हातात 'कोसला', असा सिनेमा का नको?

माहुलीकर

ठाम विरोध. कारणं पुस्तकातूनच देतो.

टोबीकाका १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी झालेला माणूस. जखम नेमकी कुठे झाली, हे त्याला लोकांना सांगता येत नाही, म्हणून तो नकाशे आणतो. नकाशे पुरेनात म्हणून कॉर्पोरल ट्रिमला हाताशी धरून हिरवळीवर बुरूज, खंदक, तोफा असा किल्लाच उभारतो. खऱ्या युद्धाची बातमी आली की तसा वेढा अंगणात पडतो. युद्धाने मोडलेला माणूस युद्धाचाच खेळ मांडून जगतो आणि त्याला माशीसुद्धा मारवत नाही. यातली करुणा सिनेमात किती उरली? टोबी म्हटलं की आठवतो तो ब्रायडन आणि त्याच्या दातांच्या पिवळेपणावरची चर्चा.

दुसरं, हे युनिट असतं कुठलं? नटांचा अहंकार, पैशाची टंचाई, एजंटचा फोन, हे कुठलंही पुस्तक घेतलंत तरी तसंच राहणार. शँडी काढून दुसरी कादंबरी ठेवा, निम्मा सिनेमा जागचा हलणार नाही. जे मूळ काढलं तरी टिकतं त्याला रूपांतर कसं म्हणायचं?

आणि 'कोसला'त मनी जाते. धाकटी बहीण गेल्यावरची ती पानं. ती चालू असताना मध्येच 'कट' म्हणणार? दिग्दर्शक चहा मागणार? माफ करा, पण हे सहन होणार नाही.

धोमचं_पाणी (वाई)

मताचं नंतर बोलू. आधी हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो, कारण 'मेणवलीला युनिट आणि हातात कोसला' हे वाटतं तितकं सोपं नाही.

या प्रकारातले संवाद बरेचसे नटांनी जागेवर रचलेले असतात. तेच वाक्य दुसऱ्या टेकला तसंच येत नाही, समोरच्याचं हसू तर अजिबात नाही. म्हणून दोन कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागतात, दोन्ही अक्षाच्या, म्हणजे बोलणाऱ्या दोघांना जोडणाऱ्या कल्पित रेषेच्या, एकाच बाजूला: एक लांबून लांब लेन्सवर, दुसरा जवळून खांद्यावर. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्याच क्षणाचे मिळाले तरच विनोद उभा राहतो. एकाच कॅमेऱ्याने आधी एकाचं, मग दुसऱ्याचं घेतलंत तर संकलनात दोन वेगळ्या संभाषणांचे तुकडे जोडत बसाल.

हिशोब करा. दोन कॅमेरे, प्रत्येकी रोज दीड तास, २५ दिवस: ७५ तास. संकलकाने दिवसाला आठ तास फक्त बघायचं म्हटलं तरी नऊ दिवसांहून जास्त, तेही एकही कट न मारता.

आवाज हे खरं दुखणं. प्रत्येक नटाला वेगळा लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) आणि वेगळा ट्रॅक हवाच, कारण लोक एकमेकांच्या बोलण्यात बोलणार. जुन्या काळाचा पोशाख असेल तर खळ दिलेलं उपरणं छातीवर घासून कागदासारखं वाजतं. तेवढ्या पट्ट्यातली खळ धुऊन काढायची आणि माइक मऊ पट्टीत गुंडाळून लावायचा. आणि आपल्याकडे गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, चित्रीकरण लावलं तर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. नुसता इंजिनाचा आवाज खाली दाबता येतो, गाणं नाही. कट मारला की गाणं उडी मारतं, आणि त्याचे हक्क वेगळेच. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबायचं आणि मग कुणीही न बोलता प्रत्येक जागेचा रिकामा आवाज किमान एक मिनिट घेऊन ठेवायचा.

मेणवलीचा चंद्रकोरी घाट सगळ्यांना हवा असतो. पण वर धोमचं धरण आहे. पाणी सोडलं की सकाळी उघडी असलेली पायरी दुपारी बुडते. क्लॅपबरोबर कंटिन्यूइटीच्या वहीत उघड्या पायऱ्या मोजून लिहायच्या: 'घाट, दृश्य १४, पाण्याच्या वर सहा'. हे नाही केलं तर एकाच संभाषणात नदी वरखाली होते.

नाना फडणवीसांच्या वाड्यात आत ट्यूबलाइट किंवा साधे बल्ब चौकटीत ठेवायचे असतील, आणि युनिटची गोष्ट म्हटल्यावर ते ठेवावे लागणारच, तर सेकंदाला २५ फ्रेमला १८० अंशाचं शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो त्याचं माप) ठेवा. २४ फ्रेमवर गेलात तर १७२.८. आपली वीज ५० हर्ट्झची, या मापाबाहेर गेलं की दिवा लुकलुकू शकतो.

मिरजवाली

वाईकरांच्या हिशोबात एक मोठा खर्च राहिला. 'मॉक्युमेंटरी (माहितीपटाचं सोंग घेतलेला काल्पनिक सिनेमा) स्वस्त पडते' असं सगळे धरून चालतात, ते इथे लागू नाही. इथे दोन सिनेमे आहेत. एक जुन्या काळातला, त्याला पोशाख, केस, भांडी, दिवे सगळं लागतं. दुसरा युनिटचा, त्याला पडद्यावर दिसणारं दुसरं युनिट लागतं. म्हणजे दिसणारा कॅमेरा, ट्रॉली, मॉनिटर, क्लॅप, आणि ते हाताळणारी माणसं. त्या माणसांचे कपडे आणि कंटिन्यूइटीही आलीच. खरा कॅमेरामन त्याच निळ्या टी-शर्टमध्ये चुकून आरशात आला, तर तो पात्र आहे की चूक, हे प्रेक्षकाला कळणार नाही. खऱ्या युनिटला पूर्ण वेगळा रंग द्यायचा, किंवा चौकटीच्या एका ठरलेल्या बाजूला अजिबात न फिरण्याची शिस्त लावायची. जेवणाची पानंसुद्धा वाढतात, दाखवायची वेगळी आणि खायची वेगळी.

आता मतावर येते. खणभागवाल्यांनी याला मॉक्युमेंटरी म्हटलेलं नाही, ते बरंच केलं, कारण लोक सरसकट तसं म्हणतात. मॉक्युमेंटरीत कॅमेरा कुणाचा आणि तो तिथे का आहे, हे ठरलेलं असतं. पात्रांना तो माहीत असतो. या सिनेमात रात्री हॉटेलच्या खोलीत कूगन, त्याची जोडीदार जेनी आणि तान्हं बाळ असतात, तिथे कुठलं माहितीपटाचं पथक? कॅमेरा डोळ्यासारखा हलतो, पण तो कुणाचाच नाही. तेच मला महत्त्वाचं वाटतं. बाप व्हायला वेळ नसलेला नट दिवसा बाळंतपण होईपर्यंत बैठकीत थांबलेल्या बापाची भूमिका करतो. माहुलीकर म्हणतात शँडी काढला तरी निम्मा सिनेमा राहील. हा भाग राहणार नाही. शँडी काढला की ते बाळ नुसतं बाळ उरतं.

औंधकर

एवढं सगळं कशाला? व्यंकटेश माडगूळकर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे. त्यांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५) अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये सरळ सिनेमा केला. मास्तर येतो, वस्तीत रुळतो, दुष्काळ पडतो, वस्ती रिकामी होते. कादंबरीवर विश्वास असला की युनिट दाखवायची गरज पडत नाही.

खणभाग_सांगली

औंधकर, 'बनगरवाडी' उभी आहे ती जागा, माणसं आणि ऋतू यांवर. तिन्ही कॅमेऱ्याला दिसतात. 'कोसला' उभी आहे ती नायक पांडुरंगच्या बोलण्यावर. त्याचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' कसे चित्रित करणार? निवेदन म्हणून वाचायला लावलंत तर सिनेमाभर आकाशवाणी ऐकू येईल. पुस्तकात जो भाग रोजनिशीच्या नोंदींचा आहे, तिथे पडद्यावर तारखा टाकत बसायचं का?

मिरजवाली ताईंचं बाळाबद्दलचं निरीक्षण मला सुचलं नव्हतं. त्यावरून एक कसोटी सांगतो, पटकथेला हात लावण्याआधी करून बघायची. कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे कादंबरीतले दहा अडथळे लिहा, घटना लिहू नका, अडथळे लिहा. शँडीसाठी: जन्म लांबणं, चुकीचं नाव पडणं, जखमेची जागा सांगता न येणं, फाडलेलं प्रकरण. उजवीकडे चित्रीकरणात त्याच कारणाने येणारा अडथळा. फाडलेल्या प्रकरणासमोर संकलनात गेलेलं दृश्य येतं: गिलियन अँडरसनला आणलं जातं आणि शेवटच्या खेळात तिचं जवळपास काहीच उरत नाही. दहापैकी सहा जोड्या आपोआप जमल्या नाहीत तर हा आकार त्या कादंबरीचा नाही, सोडून द्यायचा. जोड्या ओढूनताणून लावल्या की माहुलीकर म्हणतात तेच होतं, कुठल्याही पुस्तकावर चालणारा नटांचा विनोद.

माहुलीकर

कसोटी मान्य. मग ती 'कोसला'ला लावून दाखवा. पांडुरंगचं पुण्यात वाया जाणं आणि परीक्षा, यासमोर युनिटचे वाया गेलेले दिवस ठेवाल. मेसचे हिशेब, त्यासमोर प्रॉडक्शनचे हिशेब. बापाच्या पैशावर जगणं, त्यासमोर निर्मात्याच्या पैशावर जगणं. तीन जोड्या मीच दिल्या, त्या चांगल्या आहेत हेही कबूल. मनीसमोर काय ठेवणार?

स्टर्नकडेही मृत्यू आहे, हे विसरू नका. ट्रिस्ट्रमचा भाऊ बॉबी गेल्याची बातमी येते तेव्हा ट्रिम स्वयंपाकघरात बोलता बोलता हातातली हॅट जमिनीवर टाकतो, मातीच्या ढेकळासारखी. एवढंच. आणि सगळे नोकर रडतात. हॅट कशी पडली यावर स्टर्न थांबून थांबून लिहितो. ते चित्रित करायला युनिट लागत नाही. एक हात, एक जड फेल्टची हॅट आणि फरशी लागते. हलकी हॅट घेतली तर ती तरंगत पडेल, सगळं गेलं.

धोमचं_पाणी (वाई)

हॅटचं बरोबर. आतल्या पट्टीत शिशाचे दोन तुकडे शिवले की ती सरळ खाली येते आणि आवाजही भरीव येतो.

मनीसाठी एक सुचवतो. त्या भागासमोर काहीच ठेवायचं नाही. त्याआधी सिनेमाभर जिथे जिथे दृश्य संपतं तिथे 'कट' ऐकू येण्याची प्रेक्षकाला सवय लावायची. मग मनीचा भाग एका सलग दृश्यात, एक कॅमेरा, आजूबाजूचा आवाज तसाच, आणि शेवटी 'कट' येतच नाही. प्रेक्षक वाट बघत राहतो. मागे ते वहीतलं पाणी हळूहळू एक पायरी चढतं.

माहुलीकर

हे पटलं. पण मग त्या सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी तुम्ही युनिट बाजूला ठेवून सरळ रूपांतरच केलंत ना?

मिरजवाली

नाही. आधी वीस वेळा 'कट' ऐकला नसता तर एकविसाव्या वेळी तो न आल्याचं कळलंच नसतं.